दवाखान्याची पायरी आणि कोर्टाची पायरी

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपले वाडवडील सांगत आले. दवाखान्याच्या पायरीबद्दलही बहुतेकांचे मत फारसे वेगळे नसते. पण कोर्टाची पायरी एखाद्याला आयुष्यभर टाळता येईल, दवाखान्याची पायरी कुणालाच चुकत नाही. आणि अलीकडे या दोन पायऱ्या एकमेकींच्या बऱ्याच जवळ आल्या आहेत.

या सदरात आपण एरवी मधुमेह, रक्तदाब, काविळ, लहान मुलांचे जुलाब अशा गोष्टींविषयी बोलतो. मात्र वाचकांच्या पत्रांत दर महिन्याला दोनचार पत्रे अशी असतात, की त्यांची उत्तरे औषधाच्या पुस्तकात सापडत नाहीत. 'ऑपरेशनच्या आधी कोऱ्या फॉर्मवर सही घेतली, हे बरोबर का?' 'केसपेपरची नक्कल मागितली तर डॉक्टर रागावले, आता काय करू?' 'बिल पुरे झाल्याशिवाय मयत ताब्यात देणार नाही म्हणतात, असे करता येते का?' पत्र लिहिणारे बिचारे शेवटी लिहितात, 'डॉक्टरसाहेब, हा प्रश्न आपल्या विषयाचा नसल्यास क्षमा असावी.'

क्षमेचे कारण नाही. हा प्रश्न आमच्याच विषयाचा आहे. फक्त आम्हाला तो विषय कुणी शिकवला नव्हता.

आम्ही एमबीबीएस करीत होतो तेव्हा कायद्याशी आमची गाठ पडे ती न्यायवैद्यकशास्त्रात. मोदींचे जाडजूड पुस्तक होते. जखमा किती प्रकारच्या, विषप्रयोग कसा ओळखावा, शवविच्छेदनाचा अहवाल कसा लिहावा, कोर्टात साक्ष कशी द्यावी, हे सारे त्यात होते. म्हणजे कायद्याचा संबंध यायचा तो मुख्यतः मेलेल्या माणसाशी, नाहीतर मारामारीत डोके फुटलेल्या माणसाशी. समोर बसलेला जिताजागता रोगी, त्याचे हक्क, त्याला सांगायची माहिती, त्याची संमती यांविषयी एखाददुसरे व्याख्यान झाले असेल, नसेल. वैद्यकीय अभ्यासक्रमात २०१९ पासून नीतिमूल्ये आणि रोग्याशी संवाद हा भाग रीतसर आला, ही चांगली गोष्ट झाली.

तिकडे कायद्याच्या शिक्षणातही बदल घडत होता. बेंगळुरूला प्रा. माधव मेनन यांच्या पुढाकाराने नॅशनल लॉ स्कूल उभे राहिले आणि १९८८ मध्ये तिथे पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाचे वर्ग सुरू झाले. नुसती कलमे पाठ करण्यापेक्षा प्रत्यक्ष खटला समोर ठेवून वाद घालायचा, समाजात जाऊन कायदा चालतो कसा ते पाहायचे, ही पद्धत तिथे रुजली. त्याच धर्तीवर पुढे अनेक राज्यांत विधी विद्यापीठे निघाली. आपल्या महाराष्ट्रात मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर अशी तीन आहेत. बेंगळुरूच्या संस्थेने तर वैद्यकीय कायदा आणि नीतिशास्त्र या विषयाची पदव्युत्तर पदविका दूरशिक्षणाने सुरू केली. आरोग्यविषयक कायदा हा एक स्वतंत्र अभ्यासाचा विषय झाला.

वर्गातला प्रश्न

काही वर्षांपूर्वी आमच्या भागातील एका विधी महाविद्यालयाने मला एका तासासाठी बोलावले. तेथील प्राध्यापिका बाई म्हणाल्या, ''आमची मुलं निकाल वाचतात, पण दवाखाना आतून कसा चालतो ते त्यांना ठाऊक नाही. तुम्ही या.'' मी गेलो. तीसेक मुले-मुली होत्या. मी तयारी करून गेलो होतो ती रोग आणि औषधांची. मुलांनी मात्र पहिलाच प्रश्न केला तो असा :

''सर, अपघाताचा पेशंट आला तर 'पोलीस केस आहे, सिव्हिलला न्या' असं खासगी दवाखाने का सांगतात? १९८९ पासून तर तसं सांगता येत नाही.''

मी त्यांना एक हकिगत सांगितली. ऊसतोडीचा हंगाम होता. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीखाली एका तरुण मजुराची मांडी सापडली. त्याला बरोबरच्या लोकांनी जीपमध्ये घालून गावातल्या एका दवाखान्यात नेले. तिथे सांगितले, पोलीस केस आहे. दुसऱ्या ठिकाणी नेले. तिथे सांगितले, सर्जन नाहीत, सिव्हिलला न्या. सिव्हिल हॉस्पिटल चाळीस किलोमीटरवर. वाटेतच तो गेला. मांडीतून रक्त वाहत असेल तर स्वच्छ कपड्याची घडी जखमेवर दाबून धरणे, वरून घट्ट पट्टी बांधणे, शिरेतून सलाईन सुरू करणे, एवढे करायला सर्जन लागत नाही. दहा मिनिटांचे काम आहे. त्याची बायको पुढे माझ्याकडे औषधाला येऊ लागली. एकदा तिने विचारले, ''डॉक्टर, तिथं कुनी नुसतं फडकं जरी आवळून बांधलं आसतं, तर?''

वर्गात कुणी बोलेना. मग बाईंनी फळ्यावर एका खटल्याचे नाव लिहिले, आणि त्या तासाला मीच विद्यार्थी होऊन बसलो. पुढे जेव्हा जेव्हा सवड झाली तेव्हा त्यांच्याकडून निकाल आणून वाचले. त्यातले जे आपल्या वाचकांच्या उपयोगाचे आहे तेवढे आज सांगतो.

वर्तमानपत्रातील बातमीवरून

फळ्यावरचे नाव होते परमानंद कटारा विरुद्ध भारत सरकार. एका स्कूटरस्वाराला मोटारीने उडवले. त्याला जवळच्या दवाखान्यात नेले. तिथल्या डॉक्टरांनी सांगितले, अशा केसेस घेण्याचा अधिकार वीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या रुग्णालयाला आहे. तिथे पोहोचण्यापूर्वी तो माणूस मेला. ही बातमी वर्तमानपत्रात आली. कटारा यांनी ते कात्रणच जोडून सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला.

२८ ऑगस्ट १९८९ रोजी निकाल लागला. न्यायालयाने म्हटले, की डॉक्टर सरकारी असो वा खासगी, जीव वाचवण्यासाठी आपले कौशल्य वापरणे हे त्याचे कर्तव्य आहे आणि कुठलाही कायदा वा नियम त्याच्या आड येऊ शकत नाही. जखमी माणूस गुन्हेगार आहे की निरपराध हे नंतर पाहता येईल, आधी उपचार. पोलिसांना कळवणे हे कागदाचे काम आहे, ते उपचाराबरोबर किंवा उपचारानंतर करायचे. याच निकालात डॉक्टरांच्या बाजूचेही एक वाक्य आहे, ते फार जणांना माहीत नसते. पोलिसांनी डॉक्टरांना विनाकारण त्रास देऊ नये, आणि कोर्टांनीही गरज असेल तेव्हाच साक्षीला बोलवावे, ताटकळत ठेवू नये, असे न्यायालयाने बजावले.

दुसरा खटला बंगालमधला. हकीम शेख नावाचा शेतमजूर ८ जुलै १९९२ रोजी मथुरापूर स्टेशनवर गाडीतून पडला. डोक्याला जबर मार. प्राथमिक आरोग्य केंद्रात सोय नव्हती, म्हणून कलकत्त्याला पाठवले. तिथे एकामागून एक सरकारी रुग्णालये फिरवली. कुठे खाट नाही, कुठे यंत्र नाही. शेवटी खासगी रुग्णालयात दाखल करावे लागले आणि सुमारे सतरा हजार रुपये खर्च आला. शेतमजुरांची संघटना कोर्टात गेली. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये सांगितले, की राज्यघटनेच्या २१ व्या कलमातील जगण्याच्या हक्कात तातडीचा उपचार येतो आणि पैसा नाही ही सबब सरकारला सांगता येणार नाही. त्याला पंचवीस हजार रुपये भरपाई मिळाली. त्याहून महत्त्वाचे म्हणजे आरोग्य केंद्रात प्राथमिक उपचाराची सोय, जिल्हा रुग्णालयांची सुधारणा, कुठे खाट रिकामी आहे हे कळण्याची यंत्रणा आणि रुग्णवाहिका यांविषयी न्यायालयाने आदेश दिले.

बाई मुलांना म्हणाल्या, ''कटारांच्या निकालात डॉक्टरचं कर्तव्य सांगितलं. शेखच्या निकालात सरकारचं. दोन्ही एकत्र वाचा.'' मला ते पटले. मजुराला परत पाठवणारा दवाखाना चुकला हे खरेच. पण चाळीस किलोमीटरच्या आत रक्ताची आणि शस्त्रक्रियेची सोय नसणे ही कुणा एका डॉक्टरची चूक नव्हे. ती धोरणाची बाब आहे. कायद्याच्या मुलांना 'आरोग्य धोरण' शिकवतात ते यासाठी.

पालशेतचा मुलगा

आता आपल्या महाराष्ट्रातला खटला सांगतो. वैद्यकीय हलगर्जीपणा म्हणजे काय, हे शिकवताना देशभरच्या लॉ कॉलेजांत तो आजही पहिल्यांदा घेतात.

मे १९५३. रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेतच्या समुद्रकिनाऱ्यावर वीस वर्षांच्या एका तरुणाच्या मांडीचे हाड मोडले. तिथे होती ती फळ्या बांधण्याची सोय. मग टॅक्सीने अकरा तासांचा प्रवास करून त्याला पुण्यास आणले आणि एका सर्जनच्या दवाखान्यात दाखल केले. हाड बसवण्यात आले आणि प्लास्टर घातले. त्याच रात्री तो मुलगा गेला. वडिलांचे म्हणणे असे, की भूल न देता, नुसत्या मॉर्फियावर, माणसांनी जोर लावून पाय ओढला आणि त्या धक्क्याने मुलगा दगावला. खालच्या कोर्टाने, उच्च न्यायालयाने आणि अखेर मे १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केले. नुकसानभरपाई मंजूर झाली ती तीन हजार रुपये. पंधरा वर्षे लढून तीन हजार. त्या वडिलांना पैशांची गरज होती म्हणून ते लढले असतील, असे मला वाटत नाही.

लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध त्र्यंबक बापू गोडबोले या नावाने हा निकाल प्रसिद्ध आहे. त्यात डॉक्टरांची तीन कर्तव्ये सांगितली. केस हाती घ्यावी की नाही हे ठरवताना काळजी घ्यावी. कोणता उपचार द्यावा हे ठरवताना काळजी घ्यावी. आणि तो उपचार देताना काळजी घ्यावी. रोगी बरा झालाच पाहिजे असे कायदा म्हणत नाही. सर्वांत निष्णात डॉक्टरएवढे कौशल्य दाखवा, असेही म्हणत नाही. त्या धंद्यातील साधारण जाणकार माणसाकडून जेवढी समज आणि काळजी अपेक्षित असते, तेवढी हवी. वाचकांनी हा फरक ध्यानात ठेवावा. रोगी दगावला म्हणजे डॉक्टर चुकलाच, असे होत नाही. आणि रोगी वाचला म्हणजे सारे नीट झाले, असेही नव्हे.

सही कशावर करता?

संमतीचा खटला दिल्लीचा आहे. १९९५ मध्ये ४४ वर्षांच्या एका अविवाहित स्त्रीची दुर्बिणीने तपासणी ठरली. तपासणीसाठी भूल दिली. ती भुलीत असतानाच डॉक्टरांनी बाहेर येऊन तिच्या आईची संमती घेतली आणि गर्भाशय व बीजांडकोश काढून टाकले. डॉक्टरांचे म्हणणे, रोग पाहता तेच योग्य होते. समीरा कोहली खटल्याच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये स्पष्ट केले, की सज्ञान, शुद्धीवर येऊ शकणाऱ्या माणसाच्या वतीने दुसऱ्याने संमती देऊन चालत नाही. जीव तत्काळ धोक्यात असेल तर गोष्ट वेगळी. एका कामासाठी दिलेली संमती दुसऱ्या कामासाठी चालत नाही. शस्त्रक्रिया काय आहे, कशासाठी आहे, धोके कोणते, दुसरे पर्याय कोणते, न केल्यास काय होईल, हे समजेल अशा भाषेत सांगितले पाहिजे.

आपल्याकडे घरातल्या बाईच्या ऑपरेशनची चर्चा नवऱ्याशी होते, सासऱ्याशी होते, दिराशी होते. जिच्या पोटावर सुरी चालायची तिला कुणी विचारीत नाही. हे केवळ डॉक्टरांचे दुर्लक्ष नाही, ते आपल्या घरांचेही आहे.

साथ आणि शिपाई

आरोग्याच्या कायद्याची एक बाजू डॉक्टर आणि रोगी यांच्यातली. दुसरी बाजू सरकार आणि प्रजा यांच्यातली. तिची सुरुवात तर आपल्याच मुलखात झाली. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. त्यासाठी इंग्रज सरकारने फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा केला. इनमिन चार कलमांचा कायदा, पण सरकारला अधिकार मात्र अफाट. पुण्यात गोरे सोजीर घरात शिरून झडत्या घेऊ लागले, लोकांना ओढून नेऊ लागले. लोकांचा संताप झाला आणि २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी प्लेग कमिशनर रँडवर गोळ्या झाडल्या. हा इतिहास शाळेत आपण क्रांतिकारकांचा म्हणून शिकतो. लॉ स्कूलमध्ये तोच आरोग्य कायद्याचा म्हणून शिकवतात. प्रश्न असा विचारतात, की साथ आटोक्यात आणायची तर लोकांचा विश्वास लागतो. तो दंडुक्याने मिळतो का? २०२० च्या मार्चमध्ये करोना आला तेव्हा आपल्याकडे काढला तो हाच १८९७ चा कायदा. त्याच वर्षी त्यात दुरुस्ती होऊन आरोग्य कर्मचाऱ्यांवर हल्ला करणाऱ्यांना शिक्षेची तरतूद झाली.

गोव्यात याचा एक करुण दाखला घडला. डॉमिनिक डिसोझा हा तरुण नियमित रक्तदान करीत असे. दिलेल्या रक्तात एचआयव्ही आढळला. गोव्याच्या कायद्यात अशा माणसाला वेगळे ठेवण्याची तरतूद होती. फेब्रुवारी १९८९ मध्ये पोलिसांनी त्याला नेले आणि म्हापशाच्या क्षयरोग्यांच्या जुन्या दवाखान्यात ६४ दिवस डांबून ठेवले. त्याच्या आईने, ल्युसी डिसोझा यांनी, उच्च न्यायालयाच्या पणजी खंडपीठाकडे दाद मागितली. न्यायालयाने १९८९ च्या डिसेंबरात ती तरतूद वैध ठरवली. डॉमिनिक १९९२ मध्ये वारला.

डॉक्टर म्हणून मला यात काय दिसते? एचआयव्ही हवेतून पसरत नाही, एका ताटात जेवल्याने पसरत नाही. मग माणूस कोंडून काय साधले? उलट, तपासणी केली तर कोंडतात, असे एकदा लोकांना कळले की तपासणीला कुणी येत नाही आणि रोग लपून पसरतो. हाच मुद्दा वकील, डॉक्टर आणि अभ्यासक वर्षानुवर्षे मांडत राहिले. अखेर २०१७ मध्ये एचआयव्ही कायदा संमत झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. समजावून सांगून संमती घेतल्याशिवाय तपासणी नाही, नाव उघड करायचे नाही, नोकरीत, शाळेत, दवाखान्यात भेदभाव करायचा नाही. डॉमिनिकच्या अटकेपासून इथवर यायला अठ्ठावीस वर्षे गेली.

कागदावरचा कायदा

बाईंचे विद्यार्थी नुसते निकाल वाचीत नाहीत, कायदा चालतो का हेही तपासतात. त्याचे उदाहरण आपल्या घरातलेच आहे. गर्भलिंग निदानाला बंदी घालणारा देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला. १९९४ मध्ये देशाचा कायदा झाला. पण शून्य ते सहा वयोगटात हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या महाराष्ट्रात १९९१ मध्ये ९४६ होती, ती २००१ मध्ये ९१३ झाली आणि २०११ मध्ये ८९४. कायदा असताना मुली कमी होत गेल्या. का? मुंबईची 'सेहत' ही संशोधन संस्था, पुण्याची 'मासूम' ही स्त्रियांची संस्था आणि डॉ. साबू जॉर्ज यांनी २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, की कायदा आहे पण यंत्रे नोंदलेलीच नाहीत, समित्या बसतच नाहीत. न्यायालयाने राज्यांना फैलावर घेतले, कायद्यात दुरुस्ती झाली, सोनोग्राफीच्या प्रत्येक नोंदीचा अर्ज भरणे आले. संशोधन म्हणजे प्रयोगशाळेतच होते असे नाही. धूळ खात पडलेली रजिस्टरे उघडून मोजदाद करणे हेही संशोधनच.

डॉक्टरांची भीती

आता आमच्या बाजूचे थोडे. मी दवाखान्याची पाटी लावली त्याच सुमारास, नोव्हेंबर १९९५ मध्ये, पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्यात येते, असा निकाल लागला. आमच्या व्यवसायात मोठी खळबळ उडाली. रोगी म्हणजे गिऱ्हाईक का, असे ज्येष्ठ मंडळी संतापून विचारीत. त्या निकालाने दोन गोष्टी घडल्या. नोंदी नीट ठेवण्याची सवय लागली, हे चांगले झाले. आणि अंगाशी येऊ नये म्हणून जास्तीच्या तपासण्या, जरा गंभीर दिसले की पुढे पाठवून देणे, हेही वाढले. त्याचा खर्च अखेर रोग्याच्याच माथी बसतो. गंमत अशी, की मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वकिलांची सेवा या कायद्यात येत नाही, असा निर्णय दिला. वर्गातल्या मुलांना मी ते ऐकवले तेव्हा सगळी मनापासून हसली.

फौजदारी गुन्ह्याची भीती मात्र पुष्कळशी अनाठायी आहे. २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालाप्रमाणे, दुसऱ्या जाणकार डॉक्टरचे मत घेतल्याखेरीज डॉक्टरवर हलगर्जीपणाचा फौजदारी खटला चालवता येत नाही. चूक साधी असेल तर ती भरपाईची बाब, घोर असेल तरच तुरुंगाची. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेतही उपचार करताना हलगर्जीपणाने मृत्यू झाल्यास डॉक्टरला जास्तीत जास्त दोन वर्षांची शिक्षा आहे, इतरांना पाच वर्षांपर्यंत. आणि दवाखान्याची मोडतोड करणाऱ्यांनी हेही जाणून घ्यावे, की महाराष्ट्रात २०१० च्या कायद्याने त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपर्यंत दंड आहे. तक्रारीला जागा आहेत. दगड उचलण्याची गरज नाही.

वाचकांसाठी

आता पत्र लिहिणाऱ्यांच्या प्रश्नांची उत्तरे एकत्र देतो. कात्रण काढून ठेवल्यास हरकत नाही.

१. अपघातातील जखमीला जवळच्या कुठल्याही दवाखान्यात न्या. पुरी सोय नसली तरी प्रथमोपचार करून, रक्तस्राव थांबवून मगच पुढे पाठवणे हे डॉक्टरचे कर्तव्य आहे. नेणाऱ्याने घाबरू नये. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने मदत करणाऱ्याला संरक्षण दिले आहे. त्याला स्वतःचे नाव सांगण्याची सक्ती नाही. रस्ते अपघातातील जखमीवर ठरलेल्या रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंत रोख न भरता उपचाराची केंद्राची योजना मे २०२५ मध्ये जाहीर झाली आहे. तिची चौकशी जरूर करावी.

२. कोऱ्या फॉर्मवर सही करू नका. शस्त्रक्रियेचे नाव लिहिलेले आहे ना, ते पाहा. न समजल्यास पुन्हा विचारा. विचारणे हा अपमान नव्हे. ज्याचे ऑपरेशन आहे त्याने स्वतः ऐकावे, स्वतः सही करावी.

३. केसपेपर, तपासण्यांचे अहवाल यांची नक्कल मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे भरती असलेल्या रुग्णाच्या नोंदी डॉक्टरने तीन वर्षे जपायच्या असतात आणि मागितल्यापासून ७२ तासांत द्यायच्या असतात. अर्ज लेखी द्या, पोच घ्या.

४. महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणीच्या २०२१ च्या सुधारित नियमांनुसार खासगी रुग्णालयाने रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावले पाहिजे. बिलासाठी रोग्याला अडकवून ठेवता येत नाही, मयतही अडवता येत नाही. थकलेले बिल वसूल करायला रुग्णालयाला वेगळे कायदेशीर मार्ग आहेत.

५. तक्रार करायची असेल तर आधी रुग्णालयाच्या प्रमुखाला भेटा. बरेच गैरसमज तिथेच मिटतात. न मिटल्यास नोंदणी करणाऱ्या अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार, डॉक्टरच्या वर्तनाविषयी महाराष्ट्र वैद्यक परिषद आणि भरपाईसाठी जिल्हा ग्राहक आयोग. आयोगाकडे साधारणपणे दोन वर्षांच्या आत जावे लागते. जिथे सर्वांनाच मोफत सेवा दिली जाते ते सरकारी दवाखाने या कायद्यात येत नाहीत, हेही ध्यानात असू द्या.

ज्यांची मुले-मुली वकिलीकडे वळत आहेत अशा पालकांना एक सांगावेसे वाटते. आपल्याकडे मुलगा वकील झाला म्हणजे जमिनीचे दावे चालवणार, असे समजतात. तालुक्याच्या ठिकाणी हक्क सांगणारा, डॉक्टर आणि रोगी या दोघांचेही ऐकून घेणारा, भांडण वाढवण्याऐवजी कागद वाचून मार्ग सांगणारा वकील मिळणे फार कठीण आहे. त्या वर्गातली एक मुलगी आता आमच्याच कोर्टात उभी राहते. मागच्या महिन्यात एका दवाखान्याने मयत अडवून धरली होती. तिने ना आरडाओरड केली, ना नोटीस पाठवली. नियमाची प्रत घेऊन ती दवाखान्याच्या प्रमुखांसमोर बसली. अर्ध्या तासात नातेवाइकांना मयत मिळाली आणि उरलेल्या बिलाचे हप्ते ठरले. दवाखान्याचेही पैसे बुडाले नाहीत.

कायदा माहीत असणे म्हणजे भांडखोर होणे नव्हे. माहीत असला की बहुतेक वेळा भांडावे लागत नाही.

पुढच्या आठवड्यात : दूषित पाणी आणि काविळ.